न्यूयॉर्क शहरांतील परदेशस्थ आणि क्षयरोग

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं रोगाचा इतिहास कां सांगावा, असें वाचक विचारतील. पोटासाठीं घरदार सोडून शहरीं येणाऱ्यांची कथा आपल्या लोकांस परकी नाहीं, म्हणून ती येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली, आयर्लंड व पूर्व युरोप येथून लक्षावधि गरीब माणसें न्यूयॉर्कला उतरलीं. त्यांच्या वांट्यास भाड्याच्या उंच चाळी आल्या. आंतल्या खोल्यांस ऊन ठाऊक नव्हतें. वारा यावयाचा तो दोन इमारतींमधील अरुंद फटींतून. त्याच खोलींत स्वयंपाक, शिवणकाम व निजणें. १८८२ सालीं डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांनीं क्षयाचा जंतु शोधून काढिला, तरी पुष्कळ लोक दोष कोंदट खोलीस न देतां तींत राहणाऱ्यांच्या वंशास देत राहिले.

१८८९ सालीं संत फ्रान्सिस्का काब्रिनी तेथें आल्या. त्यांची ओढ चीनकडे होती. परंतु पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांना पश्चिमेस, आपल्या देशबांधवांकडे पाठविलें. १८९२ सालीं त्यांनीं कोलंबस रुग्णालय काढिलें. इटालियन रोग्यास आपलें दुखणें आपल्या भाषेंत सांगावयास तेथें माणूस मिळालें.

१८९७ सालीं डॉ. हर्मन बिग्ज ह्यांच्या प्रेरणेनें, प्रत्येक क्षयरोग्याची वर्दी देणें डॉक्टरांस बंधनकारक झालें. हेतु चांगला होता. पण काम जाईल, बिऱ्हाड सुटेल ह्या भीतीनें कित्येक कुटुंबें आजार लपवूं लागलीं. १९०१ च्या कायद्यानें नव्या चाळींत खोलीस खिडकी आवश्यक ठरविली. तथापि जुन्या चाळी उभ्याच होत्या. सुमारें ४००० वस्तीच्या अशा एका भागाचें वर्णन अर्नेस्ट पूल ह्यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तो 'फुप्फुसांचा चौक' म्हणून कुप्रसिद्ध झाला.

क्षयावरील पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं सेलमन वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत त्यांचे विद्यार्थी आल्बर्ट शाट्झ ह्यांस सांपडलें. वॅक्समन स्वतः १९१० सालीं अमेरिकेस आलेले परदेशस्थ होते! ज्यांना रोगाचे वाहक म्हणून हिणविलें, त्यांच्यांतूनच उपाय निघाला.

आज नियमित औषधानें हा रोग बहुधा बरा होतो. पण लपविण्याची भीति अद्याप गेली नाहीं. वाचकहो, परगांवाहून आलेला कोणी शेजारीं खोकत असेल, तर आपलें दार लावून घेण्यापूर्वीं त्याच्या खोलीस खिडकी आहे कीं नाहीं, एवढें तरी आपण पाहूं या.