पायऱ्या सापडेनात

परवा कर्जतहून पुतण्याचा फोन. "काकू, तुम्ही पेठच्या किल्ल्यावर लिहिलं होतं ना, ते मुलांना वाचून दाखवायचंय." पेठ म्हणजे आपला कोथळीगड, आंबिवलीवरून चढतात तो. सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना आहे तिथे. २००७ साली आम्ही दोघं खोपोलीहून गेलो होतो. यांची ती शेवटची चढण.

मी ब्लॉगवर 'पायऱ्या' शोधलं. एकही लेख नाही! घाबरलेच, पुसला गेला की काय? मग महिन्यामागून महिना मागे जात गेले, तर लेख जागेवर आणि त्यात हाच शब्द डोळ्यांसमोर.

पुतण्या संगणकातला. त्याने उलगडा केला. संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, आकडे साठवतो. माझी नात पाहते त्या मालिकांच्या कोरियन भाषेत एक अख्खं अक्षर म्हणजे एक आकडा. त्यांच्या १९८७ च्या प्रमाणात २,३५० च अक्षरं बसली, बाकीची उपाशी. १९९६ मध्ये युनिकोडने सगळी ११,१७२ घेतली. आपल्या देवनागरीला मुख्य घरं १२८. जोडाक्षराला वेगळं घर नाही; र, हलन्त, य असे तीन आकडे ओळीने ठेवायचे, जोडून दाखवायचं काम फॉन्टचं.

पण र, हलन्त, य म्हटलं की रफार येतो, म्हणजे 'दर्या'. आम्हा घाटाखालच्यांना दर्या कशाला, दऱ्या हव्यात! हिंदीला ही अडचण नाही. मराठीला आहे, नेपाळातल्या नेवारीलाही आहे म्हणे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या 'इस्की'त यावर तोड होती: नुक्त्याचा ऱ घ्या, त्याला हलन्त द्या. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत मात्र साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक अशी वाट होती. पुढे दोन्ही चालू राहिल्या.

माझं जुनं लेखन जोडकाचं, आताचा फोन नुक्त्याचा. हे बघा: पायर्‍या, पायऱ्या. तुम्हाला फरक दिसतो? मला नाही. शोधयंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द. (शाळेत एकाच उत्तराला दोन वह्यांत वेगळे गुण देणारी परीक्षक आठवली!)

असो. दोन दुपारी बसून त्या लेखातला प्रत्येक र मी बदलला. आता सापडतो. चढताना हे पायऱ्या मोजत होते, तेही त्यात आहे. आकडा तेवढा लिहायचा राहिलाय.