पावरा आडनाव आलं कुठून?



शिरपूरहून आग्रा रोडनं पळासनेरकडे निघालं की वाटेवरच्या शाळांच्या हजेरीत एक आडनाव पुन्हा पुन्हा ऐकू येतं: पावरा. सातपुड्याचा पट्टा सोडला तर ते फारसं कुठं भेटत नाही. पुण्या-मुंबईत सांगितलं तर समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पवार का?"

खरं तर हे सगळ्या जमातीचं नाव. घरात विचारा, मुजाल्दे, सेनाणी, जमरे, किराडे अशी कुळं निघतात. एका कुळात सोयरीक होत नाही, म्हणून लग्न जमवताना आधी कूळ विचारतात. शाळेत नाव घालताना मात्र आडनावाच्या जागी जमातच लिहिली गेली आणि कूळ घरातच राहिलं. बिजासन घाट चढून सेंधव्याकडे गेलं की याच लोकांना बारेला म्हणतात. तिकडे पुष्कळांनी कूळच आडनाव म्हणून लावलंय. माहेरी बारेला, सासरी पावरा अशा बाया आपल्यात आहेतच की!

पावरा शब्दाबद्दल जुनी माणसं सांगतात, की पूर्वज गुजरातेतल्या पावागडाकडून आले, म्हणून पावरा. पावागड १४८४ साली महमूद बेगड्यानं जिंकला, हे इतिहासात आहे. बाकीची गोष्ट तोंडोतोंडी आलेली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये मात्र पावरा लोकांची नोंद सापडते.

१९५० साली अनुसूचित जमातींची यादी निघाली. आज महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीखाली ‘पावरा’ आहे आणि मध्य प्रदेशाच्या यादीत ‘बारेला’. पवार मात्र या नोंदीत नाही. एक काना इकडचा तिकडे झाला की पडताळणीत प्रश्न सुरू.

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीच्या दाखल्यावर ‘पवार’ पडलं होतं. बारावीनंतर लक्षात आलं. मग आजोबांच्या शाळेतलं जुनं रजिस्टर शोधलं, त्यात ‘पावरा’ निघालं, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं. १९५० च्या आधीची नोंद मिळाली तर ती फार मोलाची. आणि सुनांनो, आपली जमात सासरच्या कागदांवरून ठरत नाही. वडिलांकडचे कागद लागतात. भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा त्यांची झेरॉक्स मागून आणा.

त्या मुलीच्या आजीला सात पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "कागद आहे का?" आजी म्हणाली, "मी आहे ना."