सिनेमागृहाचे कूळ ग्रँट रोडला

मुंबईतल्या सिनेमाची जन्मकथा सांगताना प्रत्येकाचे बोट काळा घोड्याकडे जाते. ७ जुलै १८९६ रोजी तिथल्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने हलती चित्रे दाखवली, तिकीट होते एक रुपया. तारीख पक्की आहे, ओतीव लोखंडाची ती इमारत अजून उभी आहे आणि त्या खेळाच्या जाहिरातीही छापून आलेल्या आहेत. एवढा पुरावा हाताशी असल्यावर जन्मस्थानाचा वाद मिटला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चित्रपट या शहरात पहिल्यांदा कुठे दाखवला गेला, हा एक प्रश्न झाला. सिनेमा थिएटर नावाची वास्तू, तिच्यातले दर्जे, मध्यंतर, बायकांसाठीची वेगळी सोय आणि पडद्याकडे पाहून मोठ्याने दाद देणारा प्रेक्षक हे सगळे कुठून आले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फोर्टात आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायचे तर ग्रँट रोडच्या पूर्वेला, फॉकलंड रोडच्या आसपास जावे लागते. या वस्तीला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या पिलाहाऊस म्हणत आले. माझे म्हणणे असे की मुंबईच्या सिनेमागृहाचे कूळ नाट्यगृहाचे आहे आणि त्या कुळाचे मूळ घर ही वस्ती आहे.

या वस्तीचा पाया एका दिवाळखोरीतून पडला. किल्ल्याच्या आत, बॉम्बे ग्रीनवर, इंग्रजांनी १७७६ मध्ये स्वतःसाठी एक नाट्यगृह बांधले होते. ते कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये लिलावात गेले. पुढे नव्या नाट्यगृहासाठी सरकारकडे अर्ज झाला तेव्हा जागा दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी, आणि ती होती ग्रँट रोडला. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा हा रस्ता तेव्हा शहराबाहेरच म्हणावा असा होता. फेब्रुवारी १८४६ मध्ये नाट्यगृह उघडले खरे, पण फोर्टातल्या साहेबाला रात्रीच्या वेळी गाडी जुंपून इतक्या लांब येणे जड जाऊ लागले. गिरगाव, भुलेश्वर, कामाठीपुऱ्याच्या माणसाला मात्र ते चालत जाण्याच्या अंतरावर होते. साहेबासाठी बांधलेली वास्तू अशी अंतरामुळेच इथल्या लोकांच्या हाती आली. मार्च १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे प्रयोग केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळी रुस्तम-सोहराबची कथा घेऊन त्याच रंगमंचावर उभी राहिली. मराठी नाटक आणि पारशी रंगभूमी या दोघांच्याही मुंबईतल्या वाटचालीत हे एक वर्ष आणि हे एक नाट्यगृह सामाईक आहे. एवढ्या एका गोष्टीसाठीही ग्रँट रोडचे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवे. पुढच्या तीन-चार दशकांत आजूबाजूला व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन अशी थिएटरे उभी राहिली आणि या व्यवसायाची एक फांदी बोरीबंदराकडेही गेली. तिथे १८७९ मध्ये गेइटी उभे राहिले, नंतर नॉव्हेल्टी.

आता पुन्हा १८९६. वॉटसन हॉटेलातला सिनेमा तिथे आठवडाभरच टिकला. १४ जुलैपासून सेस्तिएने आपले यंत्र नॉव्हेल्टी थिएटरात नेले आणि खेळ तिथे १५ ऑगस्टपर्यंत चालला. या स्थलांतराची नोंद बहुतेक इतिहासकार करतात, पण तिथे काय बदलले याकडे पुरेसे लक्ष जात नाही. हॉटेलात सरसकट एक रुपया दर होता. हॉटेलच्या दालनात शिरू शकणारा माणूस एकाच वर्गाचा, त्यामुळे दरही एकच. नॉव्हेल्टीत जुलै संपता संपता दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरले. पडदानशीन स्त्रियांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स ठेवले गेले. खेळाला वाद्यवृंदाची साथ आली. यांतली एकही गोष्ट ल्यूमिएंच्या यंत्राने आणलेली नव्हती. नाटकवाल्यांनी चाळीस-पन्नास वर्षांत हे शहर वाचले होते. एकाच छपराखाली शेटजी, कारकून, गिरणी कामगार आणि पडद्यातली बाई यांना कसे बसवायचे, कुणाकडून किती घ्यायचे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सिनेमाने ही सारी व्यवस्था तयार उचलली. आगगाडी फलाटाला लागताना किंवा भिंत कोसळताना पाहायला चार आणेवाला माणूस आला तो या व्यवस्थेमुळे, आणि त्याच्यावाचून पुढचा सिनेमा उभाच राहिला नसता.

यावर पहिला आक्षेप तंबूचा येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिनेमा मुख्यतः तंबूत दाखवला जात होता, मग नाट्यगृहाला पितृत्व कसे द्यायचे? आक्षेप वजनदार आहे. अब्दुलअली युसुफअली १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंगापूर, जावापर्यंत तंबू घेऊन हिंडले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता आणि त्यात हजारभर माणसे मावत. परंतु तंबूवाल्यांना स्थिर व्हायचे झाले तेव्हा ते कुठे गेले, हे पाहावे. युसुफअलींनी १९१४ मध्ये अर्देशिर इराणींच्या भागीदारीत मुंबईतले अलेक्झांड्रा थिएटर घेतले. पुढे याच जोडीने गिरगावात मॅजेस्टिक चालवले आणि तिथे १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला. कलकत्त्याच्या मैदानावर तंबूत बायस्कोप दाखवणारे आणि १९०७ मध्ये तिथेच एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारणारे जमशेटजी फ्रामजी मादन मूळचे मुंबईच्या पारशी नाटक कंपनीतले. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तेही पुढे गेइटी थिएटरचा कारभार पाहू लागले. तंबूने सिनेमाला गावोगाव नेले. घर मात्र त्याला नाटकवाल्यांनी दिले.

सगळ्यात बोलका पुरावा हरवलेल्या एका सिनेमागृहाचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपियात झाला आणि ३ मे रोजी तो सर्वांसाठी लागला सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉलमध्ये. दादासाहेब फाळक्यांचे चित्र त्या दिवशी एकटे नव्हते. त्याच कार्यक्रमात मिस आयरीन डेलमारचे नृत्य होते, मॅक्‌क्लेमेंट्सची विनोदी नाटिका होती आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडरची कसरतही. आज हे विचित्र वाटते, कारण आपण सिनेमा ही स्वतंत्र, पूर्ण वस्तू मानतो. १९१३ च्या प्रेक्षकाला नाट्यगृहात गेल्यावर गाणे, नाच, नकला आणि कथा एकत्रच मिळायची सवय होती. पहिला भारतीय कथापट त्या सवयीच्या मांडीवर बसूनच लोकांसमोर आला. त्याची कथा पुराणातली, नाटकांतून घासूनपुसून परिचित झालेली होती आणि तारामतीचे काम पुरुषाने केले होते. कॉरोनेशन आज नाही. सँडहर्स्ट रोडला आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात आणि रोज हजारो माणसे त्यावरून जातात.

दुसरा आक्षेप वास्तूचा आहे, आणि तो मला अंशतः मान्य आहे. १९३३ चे रीगल, १९३८ ची मेट्रो आणि इरॉस ही थिएटरे नाट्यगृहांचे रूपांतर नाहीत; ती सिनेमासाठीच आखली गेली, अमेरिकी-युरोपीय नमुन्यांवर. यंत्राची खोलीही नाट्यगृहाला परकी. त्या काळची फिल्म भडकन पेटणारी असल्यामुळे १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना आणि सुरक्षा यांच्या अटी घातल्या आणि त्या अटींनी इमारतीचा नकाशा बदलला. तिकिटांचा क्रमही उलटा झाला. नाटकात पुढच्या खुर्च्या महाग, कारण नट जवळून दिसतो. सिनेमात पुढे बसले की मान अवघडते, डोळे दुखतात, म्हणून पुढची रांग सर्वांत स्वस्त. पण उलटी केली तरी शिडी तीच राहिली. रीगलमध्येही माणसे दर्जांनुसारच बसवली गेली आणि मध्यंतराला दिवे लागतच राहिले. नवी इमारत बांधणाऱ्यांना जुन्या घराचे रिवाज मोडता आले नाहीत. प्रेक्षक ते आपल्याबरोबर घेऊन आला होता.

या वंशावळीचा प्रश्न निव्वळ अभिमानाचा असता तर तो इथेच सोडला असता. पण आपण काय जपतो हे त्यावर ठरते. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. इरॉस आणि रीगल त्यात आले, ही आनंदाचीच गोष्ट. चर्नी रोडचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले होते, ते दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तेही नाटकासाठी बांधलेले आणि पुढे सिनेमाकडे वळलेले घर. म्हणजे जपणूक अशक्य नाही. पिलाहाऊसच्या वाट्याला मात्र ही माया आली नाही. फॉकलंड रोडचे नाव पठ्ठे बापूराव मार्ग झाले, आणि तमाशाच्या शाहिराचे नाव या रस्त्याला शोभतेच. पण एकेकाळी रिपन थिएटर असलेले आल्फ्रेड, किंवा गुलशन, निशात, रॉयल यांच्याकडे शहराने पाहिले ते बदनाम वस्तीतली थिएटरे म्हणून. शेजारच्या वेश्यावस्तीमुळे त्यांच्यावर बसलेला शिक्का इतका गडद आहे की अनेक सुशिक्षित मुंबईकरांनी तिथे कधी पाऊलही टाकलेले नाही. हा शिक्का अन्यायाचा आहे. गावाहून आलेल्या, एका खोलीत दहाजण राहणाऱ्या मजुराला परवडेल अशा दरात या थिएटरांनी दशकानुदशके सिनेमा दाखवला. चार आण्यांच्या तिकिटाची परंपरा त्यांनीच चालवली. तिथली भिंतीवरची दरांची पाटी, हाताने रंगवलेले फलक, लाकडी बाकांचे दर्जे, नाटकाच्या काळातला रंगमंच पडद्यामागे उरला असेल तर तोही, या सगळ्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन पद्धतशीर नोंद व्हायला हवी, आणि ती एकेका थिएटरच्या जागी टॉवरचा पाया खणला जाण्याआधी व्हायला हवी. गिरगावात मॅजेस्टिकच्या जागी दुकानांचे संकुल कधीच उभे राहिले आहे.