बाहेरचा कप : हॉटेलचा इतिहास शोधायचा कुठे?

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरला आलात की चौकातून तळेगाव ढमढेरेकडे रस्ता फुटतो. या पट्ट्यात 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या इतक्या दिसतात की पाचव्या पाटीनंतर आपण त्या वाचणंच सोडून देतो. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात बाजरीची भाकरी थापणाऱ्या मावशी. आधी वाटीभर अळणी येतं, मग सुकं, रस्सा, कांदा-लिंबू. रस्सा हवा तेवढा घ्या. कुणी कसं बसावं, काय घालून यावं याचे नियम नाहीत. भाकरी रश्श्यात कुस्करून ओरपली तरी कुणी वळून बघत नाही.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी याच मोकळेपणावर एक वाक्य लिहिलं होतं : 'हॉटेलने खेड्यातली पंगत मोडली आणि सगळ्यांना एका टेबलावर आणलं.' वाक्य मला फार आवडलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलने फक्त एवढंच लिहिलं, 'सगळ्यांना म्हणजे कुणाला?' आजची पोस्ट त्या पेन्सिलीबद्दल आहे. पेटची तयारी करणाऱ्या अनेकांनी 'विषय सापडलाय, पण पुढे काय?' असं विचारलं होतं, त्यांच्यासाठी खास.

मी मूळची रसायनशास्त्राची. त्यामुळे चुलीवरच्या मटणात मला आधी रसायनच दिसलं. बोकडाच्या पायाच्या, मानेच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर तासन्तास ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं, मांस हाडापासून सुटतं आणि रश्श्याला तो चिकट दाटपणा येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं बार्बेक्यू याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे पातेलं नसतं. मांस थेट लाकडाच्या धुरात आणि मंद उष्णतेत शिजतं, आणि लाकडातल्या लिग्निनपासून तयार होणारी ग्वायकॉलसारखी संयुगं त्याला वास देतात. आपल्याकडे पातेल्यावर झाकण असतं, म्हणून 'चुलीची चव' किती धुराची आणि किती मनाची, हा प्रश्न मी अजून प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीसाठी राखून ठेवलाय.

पण साम्य रसायनापाशी संपत नाही, म्हणून तर मी बार्बेक्यूच्या इतिहासात शिरले. बार्बेक्यू ही मूळची हॉटेलात मिळणारी डिश नव्हे. जमिनीत लांब चर खणायचा, त्यात निखारे करायचे आणि वर अख्खे प्राणी भाजायचे. राजकीय सभा, चर्चचे मेळावे, सुगीचे दिवस असलं काही असलं की गावजेवण. चर खणणारे, रात्रभर आगीजवळ जागणारे हात बहुतेक वेळा गुलाम कृष्णवर्णीयांचे असत. विसाव्या शतकात मोटारी आल्या, रस्ते झाले आणि हेच गावजेवण रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांत शिरलं.

आता आपल्या यात्रा आठवा. पहिल्या दिवशी देवाला गोडाचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण. तिथेही चर खणतात आणि त्यावर मोठी पातेली चढतात. नगर-मराठवाड्याकडच्या कंदुऱ्या, जावळाची जेवणं, हा सगळा त्याच कुळातला प्रकार. आणि इथेही रस्ता वाढला, १९९० नंतर रांजणगावची एमआयडीसी उभी राहिली, सणसवाडी-शिक्रापूर कारखान्यांनी भरलं, तसं यात्रेचं मटण रोजचं झालं. घरापासून लांब राहणाऱ्या कामगाराला जेवण लागतं. मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी बायकांनी याच गरजेवर चालवल्या आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यातूनच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

इथपर्यंत माझं आवडतं वाक्य सुखरूप होतं. ते मोडलं एका खटल्याने.

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं एका कुटुंबाचं हॉटेल होतं, १९२७ पासूनचं. २२० जणांची बसायची सोय, भाजलेलं मांस आणि घरगुती पाय ही खासियत. कामाला ३६ माणसं, त्यांतली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसता येत नसे. त्याने जेवण बांधून न्यायचं. आपल्या भाषेत, पार्सल. २ जुलै १९६४ ला अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि अशी वागणूक बेकायदा ठरली. मालक कोर्टात गेले. म्हणणं असं, की आमचं हॉटेल स्थानिक आहे, केंद्र सरकारचा इथे संबंध काय?

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ ला एकमताने निकाल दिला तो मांसाच्या खरेदीवरून. आधीच्या वर्षभरात हॉटेलने साधारण दीड लाख डॉलरचा खाद्यमाल घेतला होता. त्यातलं ६९,६८३ डॉलरचं, म्हणजे ४६ टक्के, मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. म्हणून आंतरराज्य व्यापाराशी संबंध आला, आणि म्हणून कायदा लागू. माणसाला टेबलाशी बसायचा हक्क मिळाला तो खाटकाच्या बिलाच्या आधाराने! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने हसले होते.

आपल्या राज्यघटनेला असा वळसा घ्यावा लागला नाही. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा थेट उल्लेख आहे, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या कायद्याने त्याला शिक्षा जोडली. घटनेत 'हॉटेल' हा शब्द यावा लागला यातच किती इतिहास आहे बघा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावं छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. टिळक आणि रानडेसुद्धा प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. एका कपाची ही गोष्ट. दुसरा कप कोल्हापुरातला. राजवाड्याच्या पागेतले नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे थांबून, लोकांच्या देखत चहा प्यायला सुरुवात केली. पंचहौदात बामणांचा चहा बाटला म्हणून वाद, इथे राजाच अस्पृश्याच्या हातचा चहा पितोय. दोन्ही गोष्टी आपल्याला माहीत आहेत कारण एकीत मोठी माणसं आहेत आणि दुसरीत राजा.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेतल्या चहाच्या हॉटेलात राजा येत नसतो. मग तिथला इतिहास कुठून काढायचा?

मी आधी कागद शोधले. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडलं. कोणती जात काय खाते याची वर्णनं पानोपानी आहेत, पण ती घरातल्या आणि सणाच्या जेवणाची. मग १९४८ च्या शॉप ॲक्टखालची नोंदणी, ग्रामपंचायतीची कर आकारणी, खाटकाची उधारीची वही. यातून हॉटेल कुणाचं, किती खोल्यांचं, माल कुठून येई हे कळू शकतं. कोण आत बसलं आणि कोण बाहेर, हे यातला कुठलाच कागद सांगत नाही.

इथे ऑलीज बार्बेक्यू पुन्हा कामाला आलं. तिथे भेदभावाचा पुरावा शोधावाच लागला नव्हता. मालकांनी तो लपवला नव्हता, कारण जुलै १९६४ पर्यंत तो त्यांना गुन्हा वाटतच नव्हता. उलट आपल्याकडे तो १९५० च्या दशकातच गुन्हा झाला, आणि गुन्हा ठरलेली गोष्ट कुणी आपल्या वहीत लिहून ठेवत नाही. म्हणजे १९५५ नंतरच्या कागदांत वेगळा कप दिसत नाही, यावरून तो नव्हता असं म्हणता येणार नाही. कायदा यशस्वी झाला तरी कागद कोरा दिसेल, आणि लोकांनी कायदा नुसता चुकवला तरीही कोराच दिसेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल : उपकरणाने शून्य दाखवलं तर आधी विचारायचं, या उपकरणाला ही गोष्ट मोजता येते का?

म्हणून माणसांकडे गेले. एका आजोबांनी सांगितलं, 'आमचा कप भाईर, पत्र्याखाली खुंटीला. पिऊन झाला की आपला आपण इसळायचा.' कधीपर्यंत, असं विचारलं तर साल आठवेना. 'दुष्काळाच्या मागं-म्होरं' म्हणाले. मी १९७२ असं कंसात लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ते प्रश्नचिन्ह प्रबंधातही राहणार आहे. १९७२ लाच बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ सुरू झाली, त्यामुळे तारीख जुळवून टाकायचा मोह होतो. पण आजोबांनी चळवळीचं नाव घेतलं नव्हतं, मी त्यांच्या तोंडी ते घालणार नाही.

जाता जाता एक. फील्डवर्कच्या दिवशी दुपारी मी एकटीच जेवायला शिरले. वेटरदादा अदबीने म्हणाले, 'ताई, फॅमिली त्या साइडला.' मी म्हटलं, फॅमिली नाहीये, मी एकटी आहे. 'हो, तेच,' म्हणाले आणि पडद्यामागचं टेबल दाखवलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, जेवणही झकास होतं. पण सिनॉप्सिसमधलं माझं वाक्य लिहिताना मी कुठल्या टेबलावर बसले होते हे मीच विसरले होते. डायरीत स्वतःचीही जागा लिहीत चला, टेबल क्रमांकासकट.

निघताना आजोबांना म्हटलं, चला, हायवेला मटण खाऊ, माझ्याकडून. ते म्हणाले, 'तू जा पोरी. मला पार्सल आन.' माझा पेन थांबला. इतकी वर्षं झाली, हॉटेल त्यांच्याच नातवाच्या मित्राचं आहे, आणि तरी पार्सल? मनातल्या मनात मी अख्खा परिच्छेद लिहून टाकला होता. मग न राहवून विचारलं, आत बसायला नको वाटतं का, आजोबा?

'दात कुठं ऱ्हायलेत,' ते म्हणाले. 'रस्सा तेवढा आन जास्तीचा.'

मी दोन्ही वाक्यं डायरीत लिहिली आहेत, एकाखाली एक. रस्सा दोन पिशव्या नेला.