बोरूचा चाकू

माझ्या टेबलाच्या खणांत एक मिटणारा चाकू आहे. मूठ शिंगाची, पातें अर्ध्याहून अधिक झिजलेलें, आणि पात्याच्या बुडाशीं एक तारा व एक क्रूस असें बारीक चिन्ह. नागपूर जिल्ह्यांतील कुही गांवीं माझे आजोबा शाळामास्तर होते, तेव्हां हा चाकू त्यांच्या कोटाच्या खिशांत असे. त्यानें आंबा कापलेला त्यांना खपत नसे. तो बोरू तासण्याचा चाकू होता.

बोरू तासणें हें त्या काळीं अक्षरओळखीच्याही आधीं येई. वाळलेल्या बोरूचें टोंक लांबट उतरतें कापावयाचें, आंतला गाभा खरवडावयाचा, मधोमध बारीक चीर पाडावयाची आणि शेवटीं एकाच दाबांत तिरपा छेद द्यावयाचा. देवनागरी अक्षराचा जाडबारीकपणा या तिरप्या छेदांतूनच उतरतो. मोडींत तर हात कागदावरून क्वचितच उचलावयाचा. टोंक भोंथरें झालें कीं ओळच्या ओळ बिघडली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत रुमालच्या रुमाल कागद बांधून ठेविलेले आहेत, त्या प्रत्येकामागें कोणा कारकुनाचा असा एक चाकू आहे. आम्ही तलवारींचीं नांवें पाठ केलीं, या चाकूची मात्र कोणीं दखल घेतली नाहीं. फार्सींत त्याला कलमतराश म्हणत. इंग्रजींतलें ‘पेननाइफ’ हें नांवही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलें.

पातें मुठींत मिटविण्याची युक्ति फार जुनी. ऑस्ट्रियांतील हालस्टाट येथें सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा हाडाच्या मुठीचा असा चाकू सांपडला आहे. पण उघडलेलें पातें जागच्या जागीं धरणारी पाठीची कमान ज्यांनीं घरोघर पोंचविली, ते इंग्लंडांतील शेफील्डचे कारागीर. १७४० च्या दशकांत बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला कमानींसाठीं एकजिनसी पोलाद हवें होतें, म्हणून त्यानें तें मुशींत वितळवून पाहिलें. शेफील्डच्या चाकूवाल्यांनीं तें फार कठीण म्हणून प्रथम नाकारलें. फ्रेंचांनीं घेतलें, त्यांचे चाकू सरस ठरूं लागले, तेव्हां हे शहाणे झाले! माझ्या आजोबांच्या चाकूवरील तारा आणि क्रूस हें त्याच शहरांतील रॉजर्स घराण्याचें चिन्ह. तें १६८२ पासूनचें आहे.

परंतु मुशीचें पोलाद हंट्समनच्या कित्येक शतकें आधीं दक्षिण हिंदुस्थानांत होत होतें. कंपनीच्या नोकरींत मुंबईस असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. डॉ. जॉर्ज पिअरसन यांनीं त्यांची परीक्षा करून १७९५ त रॉयल सोसायटीपुढें निबंध मांडला. त्या परीक्षेसाठीं जेम्स स्टोडार्ट या कारागिरानें त्यांतून काय घडविलें असेल? तलवार नव्हे, खंजीर नव्हे. लेखणी तासण्याचा चाकू! उत्तमांतल्या उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच त्याची धार उतरली. पुढें याच स्टोडार्टनें तरुण मायकेल फॅरडेला हाताशीं घेऊन पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले.

तें पोलाद विदर्भाचें होतें असें मी म्हणणार नाहीं. लोखंड मात्र इकडे फार पुरातन. पेंच नदीच्या परिसरांतील नैकुंड येथें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननांत निघाली. माहुरझरीच्या शिलावर्तुळांतून तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीर मिळाले. खुद्द कुही तालुक्यांतील अडम येथें १९८८ ते १९९२ च्या उत्खननानें मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतची वस्ती उजेडांत आणली. हे देशी भट्ट्यांचे विस्तव एकोणिसाव्या शतकांत विलायती मालापुढें विझत गेले. नागपुरास एम्प्रेस मिल काढणारे जमशेटजी टाटा यांनीं १८८२ त चांद्याकडील लोहारा येथील खनिजाचा अहवाल वाचला, आणि पोलादाचा ध्यास तेथूनच धरला. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं उपयोगी ठरेना, आणि त्यांच्यामागें कारखाना उभा राहिला तो साकचीस. अडीच हजार वर्षांपूर्वीं ज्या मुलुखांत लोखंड गळत होतें, तेथल्या मास्तरांना बोरू तासावयास शेफील्डचा चाकू घ्यावा लागे तो असा.

गेल्या वर्षीं तो मी धार लावण्यास एका दुकानांत दिला. विजेच्या चाकावर ठिणग्यांची फुलबाजी उडवून तो परत हातीं आला, तेव्हां टोंकाशीं निळी झांक होती. लोहार पात्याला ‘पाणी देतो’ म्हणजे तापलेलें पोलाद एकदम थंड करून कठीण करतो, व मग पिवळसर रंग येईपर्यंत पुन्हां बेतानें तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. ताप तीनशें अंशांच्या घरांत गेला कीं निळा रंग चढतो आणि पातें मऊ पडतें. माझ्या आजोबांनीं चाळीस वर्षें जपलेलें पाणी दोन मिनिटांत उतरलें.

म्हणून नवा चाकू घेतला, आणि घेतांना चोखंदळपणा केला. उघडलेलें पातें दोन बोटांनीं धरून आडवें हलवावें, लटपटलें तर परत ठेवावें. मिटतांना कमानीचा आवाज स्वच्छ यावा. पातें मधोमध बसावें, कडेला घासूं नये. हॅरी ब्रीअर्लीनें १९१३ त शेफील्डलाच काढलेलें न गंजणारें पोलाद दमट हवेंत सोयीचें. साधें पोलाद लिंबाच्या रसानें काळें पडतें, पण सहाणेवर लवकर धार घेतें. मी साधें घेतलें. शेजाऱ्यांना मात्र चाकू म्हटला कीं चित्रपटांतला रामपुरीच आठवतो. शस्त्रनियमांचा कटाक्ष नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांवर आहे, माझें तीन इंचांचेंही नाहीं, हें सांगून त्यांची समजूत घालावी लागली.

आजोबांच्या चाकूचें निळें टोंक मी रोज थोडें थोडें, पाणी घालून, सहाणेवर घांसतों. चांगल्या पोलादापर्यंत पोंचण्यास अजून एखादें सूत उरलें आहे. तेवढें झालें कीं नातीला एक बोरू तासून देणार आहें.