तळटीप : ‘रिपोर्ट चांगला आला’

* गागोदे बुद्रुक : पेण तालुक्यातील गाव, विनोबा भावे यांचे जन्मस्थान (१८९५). इथल्या मुलीचा गुडघा रोज सकाळी आखडत असूनही रक्ताचा रिपोर्ट ‘चांगला’ आला, असे लेखिका सांगते. यात विसंगती नाही. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेला, सहा आठवडे तरी टिकलेला आणि दुसरे कारण न सापडणारा सांधेदाह म्हणजे बालसंधिवात. तो केवळ रक्तावरून ठरत नाही. सांधा हाताने तपासावाच लागतो. ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या सूज दाखवतात, आजाराचे नाव सांगत नाहीत, आणि एकच गुडघा धरला असेल तर दोन्ही ठीक येऊ शकतात. आरए फॅक्टर बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो. एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह असेल तर डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका वाढतो. ती अनेकदा ना लाली दाखवते ना दुखते. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पची तपासणी ठरावीक अंतराने हवीच.

सर्वांत फसवा प्रकार रोज ताप चढणाऱ्या सर्वांगीण संधिवाताचा. त्यात मॅक्रोफेज पेशी अनावर झाल्या की रक्तातले फायब्रिनोजेन घटते आणि ईएसआर उतरतो. घरच्यांना हायसे वाटते, पण त्याच वेळी प्लेटलेट घसरत असतात आणि फेरिटिन अनेकदा हजारांत गेलेले असते. ही गुंतागुंत ओळखण्याच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तापासोबत फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असणे आवश्यक धरले आहे. अशा मुलाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. — संपादक