परक्या मेजावरचे गोमंतकीय

विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या आसऱ्याने, पापडखिंडीच्या जलाशयालगत फुलपाडा नावाची वस्ती आहे. आज ती वसई-विरार शहरात मिसळून गेली असून तिच्यात पोर्तुगीज अमलाची खूण शोधू गेल्यास सहसा सापडावयाची नाही. तथापि १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला नमेपर्यंत, दोन शतकांहून अधिक काळ, या किनाऱ्यावर लिस्बनच्या राजाचा हुकूम चालत होता. वसई सुटली, गोमंतक १९६१ पर्यंत त्याच सत्तेखाली राहिला. एकाच घरच्या दोन भावंडांपैकी धाकटे दोनशे बावीस वर्षे आधी सुटावे, तसा हा प्रकार झाला.

या दोन भावंडांची गाठ पुढे मुंबईत पडली, आणि ती फारशी प्रेमाची नव्हती. मुंबई, साष्टी व वसई येथील मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना इंग्रजी अमलात सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांनाही तेच नाव. कचेऱ्यांतून दोघांची गल्लत होऊ लागली, तेव्हा १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने येथील ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले व आपली संस्था स्थापिली. आपण या भूमीचे आणि इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे त्यातून सुचवावयाचे होते. पोटाच्या प्रश्नातून एखाद्या समाजाचे नाव ठरावे, यात हसण्यासारखे काही नाही. पुष्कळ नावांचा उगम तेथेच असतो.

ज्यांच्यापासून वेगळे दिसण्याची ही धडपड होती, ते गोमंतकीय कोण होते? आचारी, बटलर, आया, शिंपी, बँडवाले आणि आगबोटींवरील खलाशी व वाढपी. गोव्यात जमीन थोडी, उद्योगधंदे जवळजवळ नाहीत, आणि राज्यकर्त्यांना ते काढण्याची निकड नाही. म्हणून गावेच्या गावे मुंबईची वाट धरीत. साहेबांच्या स्वयंपाकघरात कोणतेही मांस शिजविण्यास गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला धर्माची आडकाठी नव्हती. चर्चच्या शाळेत त्याने स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेले असे. धर्मोपासनेसाठी दिलेले हे शिक्षण पुढे नाचघरांत, मूकपटांच्या थिएटरांत व हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत उपयोगी पडले. त्याच्या हातची चव व त्याच्या वाद्याचे सूर ज्यांनी चाखले, त्यांनी त्याचा देश कोणता हे विचारल्याचे क्वचितच आढळते.

दिवसभर परक्यांच्या रीतीने वावरणारा हा माणूस रात्री आपल्या ‘कुडी’त परते. कूड म्हणजे गावाने मुंबईत राखलेली खोली. धोबीतलाव, माझगाव या भागांत अशा तीनशेहून अधिक कुडी एके काळी होत्या. भिंतीशी ओळीने मांडलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, अल्प भाडे आणि कोकणीतून चाललेल्या गप्पा, असे तिचे स्वरूप. बोट लागेपर्यंत खलाशाने तेथे राहावे, नोकरी सुटली तर तेथेच पडावे. कोकणी रंगभूमीचा ‘तियात्र’ हा प्रकार १८९२ च्या एप्रिलात मुंबईतच जन्मला, याचे कारण प्रेक्षक येथे होते. गोव्याहून गोव्याची भाषा मुंबईत अधिक मोकळी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्रिस्ताँव द ब्रागांस कुन्य यांनी १९४४ साली इंग्रजीतून एक पुस्तिका लिहून, पोर्तुगीज अमलाने गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्वच हिरावून घेतले, असा आरोप केला. सुशिक्षित वर्गाच्या बाबतीत तो बराचसा खरा होता. परंतु कुडीतील आचाऱ्याकडे पाहिले असता तो अपुरा वाटतो. परकी रीत त्याने अंगरख्याप्रमाणे कामावर चढविली व घरी येऊन खुंटीला टांगली.

१९३० च्या वसाहत कायद्यानंतर सालाझारशाहीत गोव्यात सभा नाही, पत्र नाही; लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी तपासली जाई. म्हणून निषेधाचा आवाज उठावयाचा तर तो प्रथम बाहेर उठे. डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मुंबईत गोमंतक प्रजामंडळ चालविले. त्यांच्याच असोळण्याच्या घरी विश्रांतीसाठी आलेल्या राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली. त्याच वर्षी कुन्य यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. तेथून सुटून ते १९५३ साली मुंबईस पोहोचले व लढ्याची सूत्रे येथूनच हलवू लागले. १९५८ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. मुक्त गोवा त्यांनी पाहिला नाही.

विरारवरून उत्तरेस जाणारी रेल्वे शंभरएक किलोमीटरांनी वापीस पोहोचते. तेथून दादरा अगदी जवळ. जुलै १९५४ मध्ये मुंबईच्या गोमंतकीयांच्या ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स’ने फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखाली तेथील पोलीस ठाण्यावर चाल करून दादरा घेतला. त्या चकमकीत फौजदार आनिसेतू द रोझारियू मारला गेला. पाठोपाठ आझाद गोमंतक दल व संघाचे स्वयंसेवक २ ऑगस्टला सिल्वासात शिरले. पोर्तुगालने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १९६० च्या निकालाने त्याला सैन्य नेण्याचा हक्क मिळाला नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोव्यात गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, आणि तिचा घाव सालाझारच्या अगोदर कुडीतील माणसाला लागला. गावी पैसे कसे पाठवावे, आजारी आईला कसे भेटावे, परवाना मिळेल काय, हे त्याचे रोजचे प्रश्न झाले. राष्ट्र व घर यांच्या मध्ये सीमेचा नाका येऊन बसला होता. मुंबईतील सारेच गोमंतकीय चळवळीत होते असेही नाही. पोर्तुगालशी निष्ठा राखणारे होते, आणि नोकरी जाईल या भीतीने गप्प राहणारे त्याहून अधिक असावेत. त्यांस भ्याड ठरविणे सोपे आहे, पण ज्याच्या पगारावर गावचे घर चालते त्याचे मौन निराळ्या मापाने मोजले पाहिजे.

त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या रानात एक रेडिओ केंद्र चालविले. कोकणी व पोर्तुगीज या दोन्ही भाषांतून ते बोलत, आणि ज्या घरांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तेथे हा आवाज पोहोचे. सहा वर्षे हे काम चालले. १९ डिसेंबर १९६१ रोजी त्याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता पणजीकरांस ऐकविली.

पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, असा प्रश्न होता. विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली, वेगळे राहण्यास १,७२,१९१. गोव्याबाहेर असलेल्या गोमंतकीयांनाही मत द्यावे, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. ज्या धोबीतलावावरून लढ्याची पत्रके निघाली, तेथील आचाऱ्याला व खलाशाला त्या दिवशी मत नव्हते. पुढल्या पिढीतील अनेकांनी १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदींच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविले आणि त्या पारपत्रावर इंग्लंडमधील स्विंडन, साउथॉल येथे जाऊन राहिले. त्यांतील पुष्कळ जण तेथे कारखान्यांत, गोदामांत व उपाहारगृहांत कामास आहेत.